एका धंद्याला एक खुर्ची

गुरुवार मंडळाचा नियम साधा होता. एका धंद्याला एक खुर्ची. शिंपी एक, छापखाना एक, दातांचा डॉक्टर एक. म्हणजे मंडळात कोणाची दाढ ठणकली की सगळ्यांची बोटं एकाच माणसाकडे वळायची. नियम करणाऱ्यांनी पुष्कळ विचार केला असणार. पण एकाच घरातले दोन कुलूपवाले भाऊ एकाच खुर्चीसाठी एकाच जिन्याने चढतील, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

आणि जिना अरुंद. खाली चहाचं दुकान, वर हॉल. सकाळचे पावणेसात वाजले होते. थोरला सगळ्यात पुढे होता आणि त्याच्या हातात दार होतं. खरंखुरं दार, कमरेइतकं उंच, चौकटीसकट, त्यावर बोटाच्या ठशाने उघडणारं कुलूप. लोकांना दाखवायला म्हणून खास करून घेतलेलं. ते वळणावर अडकलं होतं. त्याच्यामागे त्याची बायको थोरली, मग आत्या, वडील अण्णा, धाकटी सून आणि शेवटी तिचा नवरा धाकटा, असं सगळं घर जिन्यात रांगेने उभं होतं. वर्षापूर्वी दुकानाची वाटणी झाल्यापासून ही माणसं एकमेकांच्या इतकी जवळ आली नव्हती.

"दादा, अडकलंय," धाकटा खालून म्हणाला.

"अडकलं नाही. वळवतोय मी."

"अरे, लोक दारातून आत जातात," आत्या म्हणाली, "तू दारच बरोबर घेऊन निघालास."

"आत्या, हे नमुन्याचं दार आहे. लोकांना दाखवायचंय."

"लोकांना नंतर दाखव. आधी माझ्या गुडघ्यावरून काढ."

धाकटा सगळ्यांच्या कडेकडेने वर गेला. त्याने दाराचं खालचं टोक उचललं, जरा तिरकं केलं, आणि दार सुटलं. थोरल्याने आभार मानले नाहीत. धाकट्यानेही त्यांची वाट पाहिली नाही.

धाकटीने हे पाहिलं आणि तिचं डोकं फिरलं. ज्याच्याशी आज लढायचं त्याचंच दार हा उचलून देतो! विचारलं तर म्हणेल, अडकलं होतं म्हणून.

तिला नवऱ्याचं काही कळेनासं झालं होतं. दुकान गल्लीच्या आत, आठवड्याला दहाबारा किल्ल्या, एखादं अडकलेलं कपाट. एवढ्यावर चालत नव्हतं. गेल्या महिन्यात त्याला लांबच्या गावी एका मोठ्या गोदामावर राखणीची नोकरी सांगून आली. पहिल्या तारखेला हजर व्हायचं. वर्षाला दोन सुट्ट्या. तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. "बघू," म्हणाला. मग तिनेच हे मंडळ शोधून काढलं. चौतीस धंदेवाले, दर गुरुवारी भेटतात, एकमेकांना काम मिळवून देतात. कुलपाची खुर्ची रिकामी होती. ती मिळाली तर काम मिळेल, काम मिळालं तर नवरा घरी राहील. नाही मिळाली तर पहिली तारीख दहा दिवसांवर होती. तिने अर्ज केला. चार दिवसांनी कळलं की मोठ्या भाऊजींनीही केला आहे.

हॉलमध्ये लोखंडी घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या. दाराशी टेबलावर काचेचा मोठा वाडगा, त्यात सगळ्यांची व्हिजिटिंग कार्डं. मंडळाच्या अध्यक्ष विमा विकणाऱ्या होत्या. त्यांच्या हातात घंटी होती आणि ती वाजवायला त्यांना मनापासून आवडायचं. त्यांनी दोन्ही पक्षांना बाजूला घेऊन रीत समजावली.

"प्रत्येकाला तीन मिनिटं. मग तुमच्याकडून काम करून घेतलेल्या तिघांनी उभं राहून सांगायचं, की हो, यांनी माझं काम केलंय. हॉलमधलेच हवेत, बाहेरचे नकोत. ज्याचे साक्षीदार जास्त, त्याला खुर्ची."

"माझे तीन तयार आहेत," थोरला म्हणाला.

"आमचे?" धाकटी म्हणाली, "आमचे अण्णा चाळीस वर्षं कुलपं उघडतायत. अर्धा हॉल उभा राहील बघा."

हे ती अध्यक्षबाईंना म्हणाली. मग अण्णांना चहाच्या टेबलापाशी ओढत नेऊन हळूच म्हणाली, "अण्णा, हा हॉल नीट बघा."

अण्णांनी हॉल नीट बघितला. "छत चांगलं उंच आहे," ते म्हणाले.

"माणसं बघा, अण्णा."

"माणसंही बरी दिसतात."

"यातल्या कोणाकोणाची कुलपं उघडलीत तुम्ही? तिघंच सांगा. मी जाऊन हात जोडते त्यांना."

"सूनबाई, तू काय विचारतेयस हे तुला कळतंय का?"

तिला कळत होतं. या घरात धंद्याचा कायदा एकच होता, अण्णांच्या वडिलांनी घालून दिलेला. कुलूप उघडलं की माणूस विसरायचा. कुलूपवाल्याला कोणी हौसेने बोलावत नाही. किल्ली हरवलेली असते, नाहीतर भांडण झालेलं असतं, नाहीतर गेलेल्या माणसाचं कपाट उघडायचं असतं. माणूस उंबऱ्यावर फजीत होऊन उभा असतो. आपण दार उघडायचं, पाठ फिरवायची, आणि पुन्हा रस्त्यात भेटला तर तो आपल्याला अनोळखी. लग्न करून आली तेव्हा धाकटीला हे फार थोर वाटलं होतं. आज वाटलं, याच कायद्याने घर बुडणार.

"अण्णा, तुमचा मुलगा जाईल हो."

अण्णांनी चहाचा कप खाली ठेवला. "ते मला कळतंय," ते म्हणाले. "पण दुसऱ्याची लाज विकून माझा मुलगा घरी ठेवू का?"

प्रश्न बरोबर होता, म्हणून तिला आणखी राग आला.

अण्णा कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसले. त्यांना चेहरे पटकन आठवत नसत, कुलपं आठवत. समोरून एक उंच गृहस्थ गेले, तर त्यांना आधी दिसलं पितळी, सात लीव्हरचं, आतला एक लीव्हर झिजलेला. मग त्या कुलपामागे हे गृहस्थ, बनियनवर, हातात विझलेली मेणबत्ती. खिडकीशी बसलेल्या बाई म्हणजे गंजलेली पेटी, आणि त्या पेटीत फक्त पत्रं. त्या दिवशी त्या पेटीवर डोकं टेकून तासभर बसल्या होत्या. पहिल्या रांगेत सिमेंटवाले म्हातारे, मंडळाचे संस्थापक. त्यांचं काय होतं ते अण्णांनी मनातसुद्धा पुरतं आठवलं नाही. मोजून एकोणीस. अण्णांनी एकेक आठवला आणि एकेक पुन्हा मिटवून ठेवला.

तेवढ्यात छापखानेवाले समोर येऊन उभे राहिले. बरोबर बायको होती.

"आपण कुठेतरी भेटलोय," छापखानेवाले म्हणाले.

"नाही बुवा," अण्णा म्हणाले.

"अहो, नक्की. दोनतीन वर्षांपूर्वी. तुम्ही आमच्याकडे..." इथे त्यांना आपण बायकोबरोबर आहोत हे आठवलं आणि वाक्य तोंडातच थबकलं.

"आमच्याकडे?" बायको म्हणाली. "आमच्याकडे कशाला?"

"माझ्यासारखे चेहरे पुष्कळ असतात," अण्णा म्हणाले. "मला तर कधीकधी आरशातलाच ओळखू येत नाही."

छापखानेवाल्यांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं बुडणारा माणूस फळीकडे बघतो. मग त्यांनी स्वतः जाऊन अण्णांसाठी दुसरा कप चहा आणला.

आत्या हे सगळं पाहत होती. तिने तोवर हॉलला दोन फेऱ्या मारून धाकटीची कार्डं वाटून टाकली होती, काहींना दोनदोन. "कपाट अडकलं, मोटारीची किल्ली आत राहिली, सून रुसून आतून कडी लावून बसली, काहीही असो," ती प्रत्येकाला सांगत होती, "आमची माणसं येतात आणि तोंड उघडत नाहीत. मी त्या घरातली नाही असं समजा."

घंटी वाजली. पहिली तीन मिनिटं थोरल्याची होती.

थोरल्याने रात्रभर तालीम केली होती. त्याचं म्हणणं त्याच्या दृष्टीने अगदी बरोबर होतं. धंदा कळला पाहिजे, लोकांना दिसला पाहिजे. अण्णांनी आयुष्यभर तोंड मिटलं, त्याचं फळ काय? गल्लीच्या आतलं दुकान. त्याला एकदा, एकदाच, अण्णांनी मान वर करून आपल्याकडे बघावं असं वाटत होतं. आणि अण्णा समोरच बसले होते, म्हणून त्याला आज जरा जास्तच चेव आला.

दार टेबलावर उभं केलं. बोट लावलं. किर्र आवाज झाला, दार उघडलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. इथे थांबला असता तर बरं झालं असतं. पण टाळ्या वाईट. माणसाला वाटतं, अजून थोडं बोलावं.

"आता मी तुम्हाला एक गंमत सांगतो," थोरला म्हणाला. "आपले दातांचे डॉक्टर! बसलेत तिकडे. माझे साक्षीदार आहेत. यांच्या दवाखान्याला हेच कुलूप. एका रविवारी दुपारी मला फोन, मी आत अडकलोय. म्हटलं, डॉक्टर, रविवारी दवाखान्यात? तर म्हणाले, घरी सासरे जेवायला आलेत, म्हणून पेशंट आलाय सांगून इथे झोपायला आलो होतो. वीज गेली आणि दार उघडेना! दहा मिनिटांत पोचलो मी. दहा मिनिटांत!"

हॉल हसला. मग पुढून मागे असा हळूहळू हसायचा थांबला, कारण डॉक्टरांचे सासरे म्हणजे पहिल्या रांगेतले सिमेंटवाले. त्यांनी खुर्ची सावकाश मागे फिरवली आणि जावयाकडे बघितलं. डॉक्टरांचा चेहरा असा झाला की दाढ काढायला आलेल्या पेशंटलाही त्यांची दया आली असती.

थोरल्याच्या हे लक्षात आलं नाही. त्याला फक्त पहिला हशा ऐकू आला होता.

"आणि एक बाई, नाव नाही सांगत. आकड्यांचं कुलूप होतं. तीनदा आकडा चुकवला, कुलूप बंद, बाई दीड तास जिन्यात. आणि आकडा काय असेल? स्वतःच्या लग्नाची तारीख!"

या वेळी बायका हसल्या नाहीत. पुरुष हसले, पण शेजारी बघून. आणि मग एकेक मान तिसऱ्या रांगेकडे वळली, कारण नाव सांगितलं नसलं तरी तिसऱ्या रांगेत थोरली बसली होती आणि तिचे कान लाल झाले होते.

थोरली सकाळपासून नवऱ्याच्या बाजूची होती. तिनेच त्याचा शर्ट निवडला, तिनेच जावेशी बोलणं टाळलं, जिन्यातही तिने मागे वळून पाहिलं नव्हतं. आता तिच्या हातातली पर्स तिने इतकी घट्ट धरली की आतला चष्मा वाजला. कारण तारीख ती विसरली नव्हती. तिने बरोबर तारीख तीनदा घातली होती. कुलपात चुकीची तारीख नवऱ्याने भरली होती, एक दिवस आधीची. दीड तास जिन्यात बसून तिला ते कळलं होतं आणि तिने सहा महिने ते कोणाला सांगितलं नव्हतं. जाऊ दे, म्हणाली होती, माणूस आहे, झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि याने चौतीस माणसांसमोर मूठ उघडली, आणि चूक तिची म्हणून!

घंटी वाजली. अध्यक्षबाईंनी थोरल्याचे साक्षीदार मागितले. व्यायामशाळावाले उभे राहिले. मोटारी भाड्याने देणारे अर्धवट उभे राहिले, त्यांनी थोरल्याकडे बघितलं, हा आता आपलं काय काय सांगेल याचा हिशेब केला, आणि तरी उभेच राहिले, कारण बसणं जास्त संशयाचं दिसलं असतं. डॉक्टर काही उठले नाहीत.

"दोन," बाई म्हणाल्या.

मग धाकटी उभी राहिली. तिच्या हातात कागद होता. आत्याबरोबर बसून लिहिलेला, त्यात 'विश्वास' हा शब्द सात वेळा होता. तिने कागदाकडे पाहिलं, मग समोर पाहिलं. समोर सगळी माणसं तोंडं मिटून बसलेली.

"आम्ही किल्ल्या करतो," ती म्हणाली. "माझा नवरा कानशीने हाताने करतो, यंत्र बिघडलं तरी काम थांबत नाही. अडकलेली कुलपं आम्ही शक्यतो तोडत नाही, उघडतो. बोलावलं की येतो." एवढं झालं आणि तिने कागदाची घडी घातली. "आणि आमच्याकडे गंमत सांगायला काही नाही. असेल तर मला माहीत नाही. हे दोघं घरीसुद्धा सांगत नाहीत." ती खाली बसली. दोन मिनिटं शिल्लक होती. बाईंना घंटी वाजवायला मिळाली नाही, म्हणून त्यांनी उगीच एकदा वाजवली.

"आता तुमचे साक्षीदार. कोणाचं काम केलंय यांनी? उभे राहा."

कोणी उभं राहिलं नाही.

अख्ख्या हॉलने आपापल्या चहाच्या कपात काहीतरी शोधायला घेतलं. छापखानेवाले पंख्याची पाती मोजायला लागले. तीनच होती, पण त्यांनी बराच वेळ मोजली. खिडकीशी बसलेल्या बाईंना रस्त्यावर कोणीतरी ओळखीचं दिसलं. उभं राहिलं की शेजारचा विचारणार, तुमच्याकडे कशाला आले होते? धाकटीने मागे वळून नवऱ्याकडे पाहिलं. तो शेवटच्या रांगेत गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. नेहमीप्रमाणेच त्याच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

"अण्णा," बाई म्हणाल्या, "तुम्हीच सांगा. इथल्या तिघांना तरी ओळखत असाल ना?"

अण्णा उभे राहिले. त्यांनी पहिल्या रांगेपासून शेवटपर्यंत सगळ्यांवरून नजर फिरवली. जिच्यावर नजर जाई ती मान खाली जाई.

"या हॉलमध्ये," अण्णा म्हणाले, "मी कोणालाही ओळखत नाही."

आणि बसले.

तेव्हा हॉलमधून जो सुस्कारा निघाला तो खालच्या चहावाल्यालाही ऐकू गेला असेल. धाकटीने डोळे मिटले. तिच्या डोळ्यांपुढे नवऱ्याची बॅग आली, माळ्यावरून उतरवलेली, झटकलेली.

"झालं तर मग," थोरला म्हणाला. "माझे दोन, यांचे शून्य."

"थांबा," थोरली म्हणाली.

ती उभी राहिली. थोरल्याला वाटलं, आपल्या बाजूने काही बोलेल.

"बाई, इथे कोणी उभं राहणार नाही. उभं राहिलं की आपलं काय अडकलं होतं ते सगळ्यांना कळतं. तुमच्याकडे ती चिठ्ठ्यांची पुस्तकं आहेत ना, एकमेकांना काम सुचवायला? एकेक चिठ्ठी सगळ्यांना द्या. ज्याचं काम अण्णांनी केलंय त्याने 'हो' लिहायचं, नसेल केलं तर कोरी टाकायची. नाव कोणी लिहायचं नाही."

"अगं, तू काय बोलतेयस?" थोरला म्हणाला. "निनावी चिठ्ठ्या नियमात नाहीत!"

"नियम मी केलेत," सिमेंटवाले पहिल्या रांगेतून म्हणाले. जावयावरची नजर त्यांनी अजून काढली नव्हती. "आहेत नियमात. आतापासून."

काचेच्या वाडग्यातली कार्डं टेबलावर ओतली. चिठ्ठ्या रांगेरांगेने फिरल्या. घाईत कोणी सभासद आणि पाहुणे असा भेद केला नाही. जो तो पाठ वळवून, हाताचा आडोसा करून लिहायला लागला. मोठमोठी धंदेवाली माणसं, पण शाळेत पेपर चालू असल्यासारखी. छापखानेवाल्यांच्या बायकोने विचारलं, "तुम्ही काय लिहिताय एवढं?" ते म्हणाले, "काही नाही, कोरीच आहे," आणि चिठ्ठीची आठ वेळा घडी घातली.

बाई एकेक चिठ्ठी उघडून मोजायला लागल्या. तीन झाल्या तेव्हा धाकटी सरळ बसली. दहा झाल्या तेव्हा आत्या मोठ्याने मोजायला लागली. पंधरानंतर हॉलमधली माणसं एकमेकांकडे चोरून बघायला लागली: तुझं पण?

"बावीस," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात जरा अभिमान होता, कारण त्यातली एक त्यांचीही होती.

थोरला दाराला धरून उभा होता. "मग मी काय करायचं? एवढं दार घेऊन आलो."

"करमणुकीची खुर्ची रिकामी आहे," सिमेंटवाले म्हणाले. "विचार करा."

मंडळ पांगलं. हस्तांदोलनं झाली. धाकटीच्या हातात तासाभरात पाच चिठ्ठ्या आल्या होत्या: एका शाळेची सगळी कपाटं, एका इमारतीचे बत्तीस दरवाजे, आणि तीन नुसत्याच 'फोन करा, घरी नको'. जिन्यातून सगळं घर पुन्हा रांगेने उतरायला लागलं. या वेळी थोरली मागे राहून जावेबरोबर चालत होती आणि दार एकटा थोरला उतरवत होता.

अण्णा मधल्या पायरीवर थांबले. त्यांच्या कपाळाला आठी होती.

"तीन जास्त आहेत," ते म्हणाले.

"काय तीन?" धाकटी म्हणाली.

"चिठ्ठ्या. एकोणीस यायला हव्यात. बावीस आल्या. तीन खोट्या आहेत. वर जाऊन सांगायला हवं."

"अण्णा!" धाकटीने त्यांची बाही धरली. "तीनच पुरे होत्या. एकोणीस काय, बावीस काय!"

"एकोणीस होते म्हणजे?" थोरला खालून ओरडला. "एकोणीस जण ओळखीचे होते आणि तुम्ही म्हणालात कोणी नाही?"

"मी काय म्हणालो ते म्हणालो. खोटी चिठ्ठी मला चालायची नाही."

"एक माझी," आत्या म्हणाली. "खोटी कसली? माझ्या ट्रंकेचं कुलूप नाही उघडलंस तू? मी लग्नात किल्ली विहिरीत टाकली होती तेव्हा?"

अण्णांनी विचार केला. "ती किल्ली तू मुद्दाम टाकली होतीस."

"बघा! सांगितलंन की नाही सगळ्यांसमोर! चाळीस वर्षांचा कायदा मोडला."

"एक माझी," थोरली म्हणाली. "ती मात्र खोटी. पण मला लिहायची होती." आणि नवऱ्याकडे न बघता पुढे म्हणाली, "तारीख सोळा होती. पंधरा नव्हे."

थोरल्याने दार खाली ठेवलं. बराच वेळ त्याने बोटांवर काहीतरी मोजलं. मग त्याचं तोंड उघडं राहिलं आणि तसंच राहिलं.

"राहिली तिसरी," अण्णा म्हणाले.

सगळ्यांनी थोरल्याकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघताय?" तो म्हणाला. "मी कशाला टाकू? मी वेडा आहे का?"

"माझी," धाकटा म्हणाला.

तो सगळ्यात खालच्या पायरीवर होता. कधी उतरून गेला कोणाला कळलं नव्हतं. दाराचं दुसरं टोक त्याने पुन्हा उचलून धरलेलं होतं.

धाकटी दोन पायऱ्या उतरली. "तू टाकलीस?"

"हं."

"तुला तर जायचं होतं."

"कोण म्हणालं?"

"कोण म्हणालं काय? महिनाभर बघू, बघू! मी तीनदा विचारलं तुला."

"तू विचारलंस, जातोस का. मला वाटलं, तुला मी जायला हवा आहे. घरात पैसा येईल." त्याने दार या हातातून त्या हातात घेतलं. "थांबतोस का, असं कुठे विचारलंस?"

धाकटीला हसू आलं आणि रडूही, आणि दोन्हींना जिन्यात जागा नव्हती.

"हे असं घर आहे," आत्या म्हणाली. "माझा भाऊ बोलत नाही, त्याचा हा मुलगा बोलत नाही, आणि तो बोलतो तो असा. एवढी कुलपं उघडता रे, घरात कधी एखादं तोंड उघडा."

"मग थांबतोस का?" धाकटी म्हणाली.

"थांबतो."

"नीट ऐक मग. नव्या सभासदाला महिनाभर दर गुरुवारी सकाळी साडेसहाला येऊन हॉलमध्ये खुर्च्या मांडायच्या असतात. बाईंनी आत्ताच सांगितलं."

"किती?"

"चाळीस."

धाकट्याने वर हॉलच्या दाराकडे पाहिलं, मग भावाकडे पाहिलं. "दादा," तो म्हणाला, "दार उचल. आणि गुरुवारी रिकामा आहेस का?"